गरोदर बायकांसाठीचा फिश बॉक्स: मासे एकदम ताजे, पण पाऱ्याबद्दल एक अक्षर नाही (५ पैकी २)

मुंबईत घरपोच मासे देणारी ॲप्स आता ढिगाने झालीयत. त्यातल्याच एकावर गरोदर बायकांसाठी म्हणून एक कॉम्बो बॉक्स मिळतो, तो आम्ही मागवला, त्याचा हा रिव्ह्यू. ॲपचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, मला एका कंपनीच्या मागे लागायचं नाहीये, हे प्रश्न कुठल्याही ॲपला, कुठल्याही दुकानाला विचारायला हवेत म्हणून लिहितेय. ज्यांच्या घरात कोणी गरोदर आहे, अंगावर पाजणारी आहे किंवा लहान पोरं आहेत त्यांनी तरी पूर्ण वाचा प्लीज.

धाकटी बहीण बाळंतपणाला दादरला माहेरी आलीय, सातवा चालू आहे. आमचं घर पक्कं मासेखाऊ, सोमवार-गुरुवार आणि संकष्टी सोडली तर ताटात समुद्रातलं काहीतरी असतंच. डॉक्टर म्हणाल्या मासे जरूर खा, पण मोठे मासे टाळा, त्यात पारा असतो. बाहेर पेशंटची रांग, त्यांना तेवढंच सांगायला वेळ मिळाला. मोठे म्हणजे कुठले आणि टाळा म्हणजे किती ते घरी येऊन आपणच शोधायचं. अशात ॲपवर हा बॉक्स दिसला, वर ठळक लिहिलेलं ‘गरोदरपणात सुरक्षित, केमिकल फ्री, लॅब टेस्टेड’, आणि आई म्हणाली मागव, ह्यांनी विचार करूनच भरला असेल ना.

आधी चांगलं सांगते. डिलिव्हरी सांगितलेल्या वेळेत, पाकिटं बर्फात नीट बसवलेली, गळती नाही, वास नाही. साफसफाई उत्तम, कोळंबीचा काळा दोरा पूर्ण काढलेला, खवल्याचा एक तुकडा सापडला नाही. ह्याच्यात मी एक तारा पण कापणार नाही. किंमत बाजारापेक्षा चढी आहे पण मुंबईत ऑफिस करून मासे साफ करत बसायला वेळ कोणाला आहे, त्यामुळे तेही समजू शकते.

आता आत काय होतं ते बघा: सुरमईचे काप, टूनाचे क्यूब, बासा फिले आणि सोललेली कोळंबी.

सुरमईचा काप मी हातात घेऊन बघितला. माझ्या तळहातापेक्षा रुंद, मधला मणका अंगठ्याएवढा जाड, काळपट मांसाचा पट्टा चांगला रुंद. आईने आयुष्यभर मासे निवडलेत, तिने एका नजरेत सांगितलं की ही पाच-सहा किलोच्या खालची सुरमई नाही. पाकिटावर मात्र फक्त ‘सुरमई स्टेक’ आणि कापांचं वजन, अख्खा मासा केवढा होता ते कुठेच नाही. आणि पाऱ्याच्या बाबतीत नेमकी तीच गोष्ट महत्त्वाची आहे.

का ते सांगते, मी त्यासाठी बरंच वाचलंय. पारा हवेत जातो तो कोळसा जाळणाऱ्या वीज केंद्रांतून, कारखान्यांतून, जगात ठिकठिकाणी छोट्या सोन्याच्या खाणींत पारा वापरतात तिथून, थोडा ज्वालामुखीतूनही. तो पावसाबरोबर समुद्रात आणि खाडीत उतरतो, तिथल्या गाळातले जिवाणू त्याचं मिथाईल मर्क्युरी करतात, आणि हे रूप शरीरात शिरलं की लवकर बाहेर पडत नाही. ते प्लँक्टनमध्ये, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म जीवांत जातं, प्लँक्टन खाणाऱ्या तारलीत जातं, तारली खाणाऱ्या सुरमईत, कुप्यात (म्हणजे टूनात), शार्कमध्ये जातं आणि दर पायरीला वाढत जातं, इतकं की वरच्या माशात ते आजूबाजूच्या पाण्याच्या लाखो पट असू शकतं. म्हणजे मासा जितका शिकारी, जितका मोठा, जितका वयस्कर तितका पारा जास्त. एकाच जातीतली दोन किलोची सुरमई आणि आठ किलोची सुरमई ह्यात फरक पडतो तो ह्याच कारणाने.

बरं हा पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रोटीनला चिकटून बसतो. त्यामुळे कातडी काढा, हळद-मीठ चोळा, आगळात भिजवा, कडक तळा नाहीतर कालवणात उकळा, तो कमी होत नाही. त्याला वास नाही, चव नाही. कल्ले लाल आहेत, डोळा तुकतुकीत आहे, बोट दाबलं की मांस परत वर येतंय, ह्या सगळ्यावरून मासा ताजा आहे एवढंच कळतं. ताजा फडफडीत मासा पाऱ्याने भरलेला असू शकतो. ‘केमिकल फ्री’ लिहिणारे लोक बहुतेक फॉर्मलिनबद्दल, म्हणजे मासा टिकावा म्हणून लावतात त्या रसायनाबद्दल बोलत असतात, २०१८ साली गोव्यात फॉर्मलिनवरून केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल, तेव्हापासून गिऱ्हाईक तेच विचारतं. पण फॉर्मलिन माणूस वरून लावतो, पारा माशाच्या आतच असतो, तो कोणी लावलेला नसतो, त्यामुळे ‘आम्ही काही लावत नाही’ हे पाऱ्याचं उत्तर होऊच शकत नाही.

गरोदरपणात एवढी काळजी का, तर मिथाईल मर्क्युरी नाळेतून थेट बाळाकडे जातं आणि बाळाचा मेंदू तेव्हा तयार होत असतो. जपानमधल्या मिनामाटाचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं असं आहे. तिथल्या चिस्सो कंपनीच्या कारखान्यातलं पारामिश्रित पाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं जात होतं, १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला, आणि ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास जाणवला नव्हता त्यांची मुलं मेंदूला कायमची इजा घेऊन जन्माला आली. त्याच गावाच्या नावाने पुढे २०१३ ला पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाटा करार झाला, तो २०१७ मध्ये लागू झाला आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला मंजुरी दिली. आपल्या ताटातल्या माशात मिनामाटाएवढा पारा नसतो, हे स्पष्ट सांगते, कोणाला घाबरवायचं नाहीये. पण आपल्याकडेही हा विषय नवा नाही, ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्यावर शास्त्रज्ञ ८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लिहितायत.

आता आकड्यात बघू. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये पोटातल्या बाळाचा विचार करून मर्यादा ठरवली, आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाईल मर्क्युरी. साठ किलोच्या बाईला म्हणजे आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, माशांतल्या पाऱ्याची सरासरी छापलीय, त्यात किंग मॅकेरल ०.७३ पीपीएम (किलोमागे मिलिग्रॅम) आहे, म्हणजे दीडशे ग्रॅमचा एक वाटा खाल्ला की ११० मायक्रोग्रॅमच्या आसपास, एका जेवणात आठवड्याचा कोटा पार. तारलीच्या जातीचे सार्डिन ०.०१३, म्हणजे तेवढ्याच वाट्यात दोन मायक्रोग्रॅम. फरक केवढा आहे बघा, पन्नास पटीच्या वर!

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नेटवर ह्याच्यावरून खूप घोळ आहे. अमेरिकेच्या ‘खाऊ नका’ यादीतला किंग मॅकेरल म्हणजे तंतोतंत आपली सुरमई नव्हे, त्याच घराण्यातली पण वेगळी जात आहे. तिथलीच दुसरी नातेवाईक स्पॅनिश मॅकेरल, तिचा आकडा कुठल्या पाण्यातली आहे त्यावर ०.१८ ते ०.४५ असा बदलतो. म्हणजे आपल्या सुरमईला सरळ ०.७३ चा शिक्का मारणं बरोबर नाही आणि ‘ती यादी अमेरिकेची आहे, आपल्याला काय’ म्हणणंही बरोबर नाही, ती शिकारी आहे, मीटरभराच्या वर वाढते, मोठी सुरमई गरोदर बाईने कधीतरी एखादा काप इतपतच ठेवावी. उलट मॅकेरल म्हटलं म्हणून काही जण बांगडा पण बंद करतात, तो बिचारा प्लँक्टन खाणारा छोटा मासा, त्याला बंद करायचं काही कारण नाही. रावसाचंही तसंच, ॲपवर ‘इंडियन सॅल्मन’ लिहितात आणि लोक परदेशी यादीत सॅल्मन सेफ आहे बघून बिनधास्त होतात, पण रावस सॅल्मन नाहीच, पूर्ण वेगळा मासा आहे.

टूनाच्या क्यूबने मला जास्त राग आला. कुपा आपल्याकडे तसा कमी घरात खातात, पण जिम करणारे आणि हे ‘हाय प्रोटीन’ वाले हल्ली फार खातात. टूना म्हणजे एक मासा नाही, अनेक जाती आहेत. एफडीएच्याच आकड्यात डब्यातला लाइट टूना ०.१२६, यलोफिन ०.३५ च्या आसपास, आणि बिगआय ०.६८९, जो त्यांनी गरोदर बायकांना पूर्ण बंद सांगितलाय. पाकिटावर फक्त ‘टूना’. कुठला? चौकोनी तुकडे करून कातडी काढल्यावर आई तर सोडाच, कोळीणसुद्धा सांगू शकणार नाही कुठला होता आणि केवढा होता. गरोदर बाईच्या बॉक्समध्ये असा बिननावाचा टूना भरणं मला अजिबात पटलेलं नाही.

बासा आणि कोळंबीला माझी हरकत नाही. बासा शेततळ्यातला असतो, त्यात पारा फार कमी, चवीला मला पुचकट वाटतो पण तो आवडीचा भाग झाला. कोळंबी ०.००९, म्हणजे जवळपास काहीच नाही.

मग मी कस्टमर केअरला लिहिलं की लॅब टेस्टेड आहे तर रिपोर्ट पाठवा. पाठवला, ह्याबद्दल त्यांचं खरंच कौतुक. पीडीएफ उघडली तर तो वनामी कोळंबीचा रिपोर्ट, तोही काही महिन्यांपूर्वीचा. त्यात अँटिबायोटिक, जिवाणू, शिसं, कॅडमियम, पारा सगळं मर्यादेत. अर्थात असणारच, कोळंबीत पारा जास्त नसतोच. मी परत विचारलं सुरमईचा आणि टूनाचा आहे का, तर उत्तर आलं की आमचे सगळे प्रॉडक्ट एफएसएसएआयच्या (भारताचं अन्नसुरक्षा प्राधिकरण) नियमात बसतात. अहो पण नियमात बसणं आणि गरोदर बाईने दर आठवड्याला खाणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने व्यापारासाठी टूनाला १.२ आणि शार्कला १.६ मिलिग्रॅम प्रति किलो मिथाईल मर्क्युरीपर्यंत मुभा दिलीय. १.२ वाला टूना कोडेक्सच्या मर्यादेत बसेल, पण त्याचा दीडशे ग्रॅमचा एक वाटा म्हणजे १८० मायक्रोग्रॅम, साठ किलोच्या बाईच्या आठवड्याच्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. ‘गरोदरपणात सुरक्षित’ छापायचं असेल तर हा हिशोब कंपनीने करायला हवा, तो गिऱ्हाइकाच्या बहिणीने का करायचा?

पुढच्या वेळी आई आणि मी सरळ सिटीलाईटच्या मार्केटला गेलो. तुलना करायचीच तर अशी आहे की तिथे मासा अख्खा समोर असतो. सुरमई दोन किलोची की सात किलोची ते डोळ्यांना दिसतं, उचलून बघता येतं, कापायच्या आधी ‘ही नको, ती बारकी दे’ म्हणता येतं. आमच्या नेहमीच्या मावशींना पाऱ्याबिऱ्याचं मी काही सांगितलं नव्हतं, फक्त बहिणीसाठी हवेत म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “तिला बारीक म्हावरं दे गो बाय, मोठ्याला काय करतेस.” आणि मांदेली, तारली आणि ओले बोंबील पुढे केले. तिन्ही छोटे, कमी जगणारे मासे, मी वाचलेल्या सगळ्याशी जुळणारे. तारली-बांगड्यात ओमेगा-३ पण भरपूर, जे बाळाच्या मेंदूला हवंच असतं, म्हणूनच डॉक्टर मासे बंद करा म्हणत नाहीत. अमेरिकेचा सल्लासुद्धा गरोदर बायकांनी कमी पाऱ्याचे मासे आठवड्याला साधारण सव्वादोनशे ते साडेतीनशे ग्रॅम खावेत असाच आहे. भीतीने मासे सोडले तर नुकसानच आहे.

पण मावशींचं सगळंच मी डोळे मिटून घेतलं नाही. बाळंत झाल्यावर दुधासाठी मुशी दे, असं त्यांनी जाता जाता सांगितलं, आणि आईच्याही मनात तेच होतं, आमच्या मालवणकडच्या घरात बाळंतिणीला मोरीचं कालवण हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. मोरी म्हणा, मुशी म्हणा, शार्कच ती. एफडीएच्या यादीत शार्क ०.९७९, जवळपास सगळ्यात वर. आपल्याकडे बाजारात येते ती बऱ्याचदा बारकी मुशी असते, तिच्यात मोठ्या शार्कपेक्षा कमी असणार, तरी घराणं शिकाऱ्याचंच आहे, आणि पारा थोड्या प्रमाणात आईच्या दुधातूनही बाळाकडे जातो. आईशी ह्यावरून बराच वेळ बोलणं झालं. मोरीच्या त्याच मसाल्यात, त्याच वाटपात बांगड्याचं कालवण करायचं ठरलंय, त्याबरोबर जवळा आणि बोंबील. सुक्याबद्दल एक सांगायला हवं, मासा सुकवला की पाणी उडतं आणि पारा तेवढाच राहतो, म्हणजे ग्रॅममागे आकडा वाढतो. पण बोंबील-जवळ्यात मुळात कमी आणि आपण सुकं खातो पण मूठभरच, त्यामुळे चालतं. सुकी मुशी मात्र मी आणणार नाही.

अजून एक दिलासा देणारी गोष्ट, शरीरातलं मिथाईल मर्क्युरी साधारण पन्नास दिवसांत निम्म्यावर येतं. म्हणजे ज्यांचं अजून प्लॅनिंग चालू आहे त्यांनी चार-सहा महिने आधीपासून मोठी सुरमई, कुपा, मुशी, तलवार मासा कमी केले तर बराच फरक पडतो. बाकी घरातल्या मोठ्या माणसांनी सुरमई सोडावी असं मी बिलकुल म्हणत नाहीये, आमचे बाबा रविवारी सुरमईच खातात आणि खाणार.

तर रेटिंग. ताजेपणा, साफसफाई, डिलिव्हरी ह्याला पूर्ण मार्क. एकूण मात्र पाचपैकी दोन, कारण हा बॉक्स ज्या कारणासाठी विकला जातोय त्याच कारणावर नापास आहे. त्यांना मी लेखी कळवलंय की सुरमई आणि टूना ह्या बॉक्समधून काढा, त्याजागी बांगडा, तारली, मांदेली, बोंबील घाला, तुम्हाला स्वस्तही पडेल. प्रत्येक पाकिटावर माशाची नेमकी जात आणि अख्ख्या माशाचं वजन छापा, ते तुमच्याकडे कापायच्या आधी काट्यावर असतंच. आणि रिपोर्ट द्यायचा तर पाकिटात जो मासा आहे त्याचा द्या. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा फ्रोझन मोठ्या माशांचे काप जास्त विकले जातात आणि घरातल्यांना बारीक मासे ताजे मिळत नाहीत, त्या दोन महिन्यांत तर लेबलची जास्तच गरज आहे. ‘फीडबॅक टीमला कळवला’ असं उत्तर आलंय, पुढे काही झालं तर इथेच अपडेट करेन.

कोणाला दुसऱ्या कुठल्या ॲपकडून किंवा दुकानाकडून सुरमई, रावस, घोळ, कुपा ह्यातल्या कशाचाही पाऱ्याचा आकडा असलेला रिपोर्ट मिळाला असेल तर खाली टाका. माशाची जात, वजन आणि तारीख दिसेल असा फोटो हवा, नुसतं ‘टेस्टेड’ लिहिलेलं नको.